ड्रोनची मोटर तयार आहे. संरक्षण मंत्रालयाच्या आयडेक्स योजनेच्या निधीसाठी गाळा गहाण टाकावा का?

मोटरवाली_भोसरी

नमस्कार मंडळी. जरा लांबलचक लिहितेय, पण आकड्यांशिवाय सल्ला तरी कसा मागणार?

भोसरी एमआयडीसीत आमचा गाळा आहे. बाबांनी १९९८ मध्ये एका जुन्या लेथवर सुरुवात केली. आज तीन सीएनसी (संगणकावर चालणारी मशीन) आणि अकरा माणसं आहेत. काम सगळं गाड्यांच्या सुट्या भागांचं जॉबवर्क. गेली चार वर्षं गाळ्याच्या मागच्या खोलीत मी ड्रोनची ब्रशलेस मोटर बनवतेय. रोटर, शाफ्ट, हाउसिंग आमच्याच मशीनवर होतं. वाइंडिंग, म्हणजे तांब्याच्या तारेचे वेढे, दोन मावश्या हाताने करतात, आणि त्यांच्या हातची तार मशीनपेक्षा घट्ट बसते. आतापर्यंत ३४० मोटरी विकल्या, सगळ्या फवारणीच्या ड्रोनवाल्यांना.

फेब्रुवारी २०२४ मध्ये मोशीला एमएसएमई संरक्षण प्रदर्शन भरलं होतं. तिथे एका अधिकाऱ्यांनी मोटर हातात घेतली, बोटाने फिरवली आणि विचारलं, "मॅग्नेट कुठलं?" मी खरं ते सांगितलं, चीनचं. ते म्हणाले, "बाकीचं सगळं तुमचं आहे ना? मग मॅग्नेटचं बघा आणि थंडीत चालवून दाखवा."

थंडीत चालवून बघितली. एका कॉलेजच्या चेंबरमध्ये उणे ३० अंशांना रात्रभर ठेवली. सकाळी कानाशी धरून हलवली तर आत खडखड. उघडली तर अठ्ठावीसपैकी तीन मॅग्नेट सुटलेले, आणि ॲडेसिव्हचा काचेसारखा चुरा झालेला. पोलाद थंडीने आकसतं, मॅग्नेट तेवढं आकसत नाही, आणि मधलं ॲडेसिव्ह तडकतं. आता मॅग्नेट बसतात त्या पोलादी रिंगला आतून खाचा पाडतो आणि थंडीत लवचिक राहणारं ॲडेसिव्ह वापरतो. त्यानंतरच्या सहा मोटरी त्याच चेंबरमधून धडधाकट बाहेर आल्या.

आता आयडेक्सच्या ओपन चॅलेंजला अर्ज करायचा आहे. अनुदान दीड कोटीपर्यंत मिळतं, पण खर्चाचा निम्मा वाटा आपला. मोटर आणि तिचा वेग सांभाळणारा कंट्रोलर मिळून माझा हिशेब २ कोटी ६० लाखांचा आहे, म्हणजे आमच्याकडून १ कोटी ३० लाख. हाताशी ४० आहेत. उरलेल्यासाठी बँक गाळा तारण मागतेय. बाबा ६३ वर्षांचे आहेत. म्हणाले, "तू सांगशील तिथे सही करतो." एवढं बोलून मशीनवर गेले. त्यांनी विरोध केला असता तर बरं झालं असतं असं वाटतं.

यातून गेलेल्या कुणी सांगाल का, पैसे खरोखर कसे येतात? आणि प्रोटोटाइप पास झाल्यावर ऑर्डर येते का?

सातपूरचा_बोर्डवाला

ताई, मी गेलोय यातून, म्हणून लिहितो. योजनेचं आणि कार्यालयाचं नाव लिहीत नाही. तिथली माणसं चांगली होती, आणि आजही त्यांच्याशी काम आहे.

आधी तुमच्या हिशेबातली चूक सांगतो. मीही तीच केली होती. तुम्ही धरलंय की १.३० सरकारचे, १.३० आपले, झाले २.६०. प्रत्यक्षात अनुदान टप्प्याटप्प्याने येतं. टप्पा पूर्ण करा, अहवाल द्या, खर्चाचा हिशेब सीएकडून प्रमाणित करून घ्या, तपासणी होऊ द्या, मग पुढचा हप्ता सुटतो. या मधल्या काळात पगार, वीजबिल, तांब्याची तार, सगळं तुमच्याच खिशातून जातं. म्हणजे तुमचा वाटा १.३० नाहीच. तो १.३० अधिक एका अख्ख्या हप्त्याएवढी फिरती रक्कम. हे कुठल्याही माहितीपत्रकात ठळक छापलेलं नसतं.

माझं असं झालं. निवड झाल्यापासून करारावर सही व्हायला नऊ महिने. दुसरा हप्ता सात महिने अडकला, कारण चाचणी ज्या सुविधेत करायची तिथे तारीखच मिळत नव्हती. आमचा इलेक्ट्रॉनिक बोर्ड तयार होता, खोक्यात पडून होता. कॅश क्रेडिट (खेळत्या भांडवलासाठी बँकेची उचल) संपलं. सासऱ्यांकडून अकरा लाख हातउसने घेतले आणि चौघांचे पगार दिवाळीनंतर केले. त्यातला एक सोल्डरिंगवाला सोडून गेला. त्याच्या हातासारखा जॉइंट आजही आमच्याकडे होत नाही. पैसे नंतर आले, तो पोरगा नाही आला.

आता ऑर्डरचं. आयडेक्समध्ये यशस्वी ठरलेली वस्तू खरेदी करण्याची वाट संरक्षण खरेदी प्रक्रिया २०२० मध्ये आखलेली आहे, आणि ही मोठी गोष्ट आहे. मार्च २०२२ मध्ये आयडेक्सच्या १४ वस्तू ३८० कोटींना घ्यायला मंजुरी मिळाली, तेव्हा आमच्या कारखान्यात पेढे वाटले होते, त्यात आमची वस्तू नसूनही. पण वाट आहे म्हणजे तारीख आहे असं नव्हे. माझी पहिली ऑर्डर चाचणी पास झाल्यावर १९ महिन्यांनी आली, चाळीस बोर्डांची. त्या १९ महिन्यांत आम्ही तगलो ते केवळ तोच बोर्ड थोडा बदलून सोलर पंपवाल्यांना विकत होतो म्हणून.

परत करीन का? करीन. राजस्थानात ४६ अंशांत, तंबूत, टेबलाऐवजी दारूगोळ्याच्या रिकाम्या पेटीवर आमचा बोर्ड सहा तास चालला. तिथल्या हवालदारांनी हात लावून बघितला आणि म्हणाले, "तापला नाही." पंचवीस वर्षांच्या धंद्यात एवढी मोठी शाबासकी मला मिळालेली नाही.

पण गाळा गहाण टाकू नका. प्रकल्प लहान करा. नुसत्या मोटरीपुरता अर्ज करा, कंट्रोलर पुढच्या खेपेला. १ कोटी २० लाखांचा प्रकल्प करा, म्हणजे तुमचा वाटा ६० लाख. ४० हाताशी आहेत, २० आणि फिरती रक्कम मशीन तारण ठेवून मिळेल. डीआरडीओचा टेक्नॉलॉजी डेव्हलपमेंट फंडही बघा. तिथे खर्चाच्या ९० टक्क्यांपर्यंत पैसे मिळतात आणि मर्यादा ५० कोटी आहे. मात्र विषय त्यांच्या यादीतला असावा लागतो, आणि बौद्धिक संपदेत डीआरडीओ भागीदार असते. मावश्यांची वाइंडिंगची पद्धत हेच तुमचं भांडवल असेल, तर करारातलं ते कलम वकिलाकडून वाचून घ्या.

ईएमई_सातारा

जय हिंद. २८ वर्षं ईएमईमध्ये, म्हणजे लष्कराच्या यंत्रदुरुस्तीच्या दलात काढली, त्यातली पाच लेह भागात. पैशातलं मला कळत नाही, सातपूरच्या भाऊंनी नीट सांगितलंच आहे. मी वापरणाऱ्याच्या बाजूने सांगतो.

पोरी, थंडीचं तू बघितलंस, छान केलंस. आता विरळ हवेचं बघ. लेह साडेतीन हजार मीटरवर आहे आणि चौक्या त्याच्याही वर. तिथे हवा पातळ. तेवढंच वजन उचलायला पंखा जास्त वेगाने फिरवावा लागतो, मोटर जास्त करंट ओढते, आणि तिला गार करायला हवाच कमी असते. बाहेर उणे वीस आणि वाइंडिंग मात्र भाजतंय, असा प्रकार होतो. भोसरीच्या चेंबरमध्ये थंडी मिळेल, विरळ हवा मिळणार नाही. थंडी आणि कमी दाब दोन्ही एकत्र देणारं चेंबर शोध. पर्यावरण चाचण्यांचं जेएसएस ५५५५५ हे मानक आहे, ते आधी वाच आणि मग डिझाइन पक्कं कर.

दुसरं, जवान हातमोजे घालून काम करतो. तुझी मोटर बदलायला किती स्क्रू काढावे लागतात? आमच्या वर्कशॉपला एक यंत्र आलं होतं, कामाला उत्तम, पण त्याचा एक स्क्रू तांदळाच्या दाण्याएवढा. बर्फात पडला की गेला. आम्ही शेवटी त्याला दोऱ्याने बांधून ठेवायचो. चार मोठे स्क्रू ठेव, चारही सारखे, आणि ते पडणार नाहीत असे.

तिसरं, अर्जाआधी एखाद्या युनिटच्या दुरुस्तीवाल्या माणसाला भेट. अधिकारी गरज सांगतील, पण काय मोडतं ते नाईक-हवालदार सांगतात. साताऱ्याकडे कधी आलीस तर आमचे पाचसहा जण जमवतो. मोटर घेऊन ये. आम्ही ती मोडून दाखवतो, म्हणजे तुला कळेल.

डेटनहून_पुणेकर

मी अमेरिकेत ओहायोतल्या डेटनला असतो. राइट-पॅटरसन हवाई तळ इथेच आहे, त्यामुळे आजूबाजूला लहान कंपन्या पुष्कळ. मी तशाच एका २२ जणांच्या कंपनीत नोकरी करतो. आमचा निम्मा पगार एसबीआयआरमधून, म्हणजे लहान कंपन्यांच्या संशोधनाला पैसे देणाऱ्या अमेरिकी सरकारच्या योजनेतून निघतो.

ही योजना १९८२ च्या कायद्याने आली. ज्या सरकारी खात्याचं बाहेर दिलं जाणारं संशोधनाचं बजेट १० कोटी डॉलरच्या वर आहे, त्याला त्यातले किमान ३.२ टक्के लहान कंपन्यांसाठी राखून ठेवावे लागतात. सगळ्यात मोठा वाटा संरक्षण खात्याचा. पहिला टप्पा कल्पना चालते का ते बघायचा, दुसरा प्रोटोटाइपचा. तिसऱ्या टप्प्यात या योजनेचा पैसा नसतो, थेट ऑर्डर असते, आणि ती पुन्हा स्पर्धा न घेता देता येते. मूळ कायद्यात कंपनीने आपला निम्मा वाटा आणायची अट नाही, उलट थोडा नफाही धरता येतो. कंपनीचे मालक रोज सकाळी आपलं घर पणाला लावून कामाला येत नाहीत. ताईंच्या बाबांचं वाचलं तेव्हा हा फरक मला फार टोचला. निम्म्या वाट्याची अट हौशी लोकांना बाहेर ठेवायला असेल, पण मागच्या खोलीत चार वर्षं स्वतःचे पैसे घालणाऱ्या माणसाने आपला वाटा आधीच दिलेला असतो, तो कुणी मोजत नाही.

पण अडकायची जागा इथेही तीच आहे, दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्याच्या मधली. आमच्या कपाटात तीन प्रोटोटाइप आहेत, तिन्ही पास झालेले, एकालाही ऑर्डर नाही. शिवाय हा कायदा मुदतीचा आहे. २०२२ मध्ये मुदत संपायच्या दिवशी मुदतवाढीवर सही झाली. ३० सप्टेंबर २०२५ ला मात्र मुदत संपूनच गेली, आणि त्या आठवड्यात आमच्याकडे कुणाचं कामात लक्ष नव्हतं. तेव्हा सातपूरच्या दादांचा सोलर पंप ताईंनी विसरू नये. फवारणीचा धंदा या नादात कमी करू नका.

धातू_आणि_चुंबक

मॅग्नेटबद्दल थोडक्यात. एप्रिल २०२५ मध्ये चीनने डिस्प्रोशियम, टर्बियमसारख्या सात मूलद्रव्यांवर आणि त्यांच्या मॅग्नेटवर निर्यात परवाना लावला. मॅग्नेट उष्णतेत ताकद टिकवतं ते याच दोघांमुळे. माल शेवटी कुठे वापरणार हेही लिहून द्यावं लागतं, त्यामुळे लष्करी मोटरीसाठी चीनच्या मालाचा आधार धरूच नका. विशाखापट्टणमला आयआरईएल या सरकारी कंपनीचा समेरियम-कोबाल्ट मॅग्नेटचा कारखाना २०२३ मध्ये सुरू झाला, क्षमता वर्षाला ३,००० किलो. हे मॅग्नेट निओडायमियमपेक्षा कमी ताकदीचं आणि ठिसूळ, पण उष्णता चांगली सोसतं. त्यावर मोटर थोडी जड होईल. निओडायमियमसाठी नोव्हेंबर २०२५ मध्ये ७,२८० कोटींची योजना मंजूर झाली आहे, पण कारखाने उभे राहायला वेळ लागेल. अर्जात दोन्ही मॅग्नेटवर मोटर बनवून तुलना करू, असं लिहा. तो स्वतंत्र टप्पा होऊ शकतो.

मोटरवाली_भोसरी

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री हा धागा बाबांना मोठ्याने वाचून दाखवला. सोल्डरिंगवाला सोडून गेला तिथे त्यांनी मला थांबवलं आणि तेवढं परत वाचायला लावलं. मग म्हणाले, "आपले अकराही राहिले पाहिजेत, तेवढं बघ." माझ्या हिशेबात पगाराचा रकाना सगळ्यात शेवटी होता. आता तो पहिला घेतलाय.

प्रकल्प १ कोटी १५ लाखांवर आणलाय. कंट्रोलर काढला. समेरियम-कोबाल्टची तुलना दुसरा टप्पा म्हणून घातली. गाळ्याची कागदपत्रं बँकेतून परत आणली. कॅश क्रेडिटची मर्यादा सीएनसी तारण ठेवून वाढवून मिळेल, शाखेत बोलणं झालंय. फवारणीवाल्यांची ६० मोटरींची ऑर्डर आहे, ती आधी पूर्ण करतेय.

सातपूरच्या दादा, एक राहिलंच. तुमचा दुसरा हप्ता अडकला तेव्हा चाचणीची तारीख मिळत नाही असं पत्र तुम्ही दिलं होतं का, आणि कुणाच्या सहीने? तसं पत्र करारालाच जोडता येतं का, म्हणजे तारीख मिळाली नाही तर तो उशीर आमच्या खात्यात धरला जाणार नाही?

आणि सुभेदार काका (हुद्दा चुकला असेल तर माफ करा), स्क्रू मोजले. नऊ आहेत, तीन वेगवेगळ्या मापांचे. रविवारी मोटर घेऊन साताऱ्याला येते. वाइंडिंगवाल्या शांत मावशीपण येणार म्हणतायत. तुम्ही मोडाल ते त्यांना स्वतः बघायचंय.