दिव्यांगाची घरी उठबस करणाऱ्याला सरकारने वेगळा भत्ता द्यावा का? (चौघांची चर्चा; पाखाडी, सड्यावरून, तिरफळ आणि सेतूचं बाकडं ही त्यांची टोपणनावं.)

पाखाडी
दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016, कलम 24. सामाजिक सुरक्षेच्या यादीत जास्त मदतीची गरज असलेल्यांसाठी काळजीवाहक भत्ता चक्क लिहिलेला आहे. काळजीवाहक म्हणजे कोण तेही कायदाच सांगतो: आईवडील, घरची माणसं, मग ती पैसे घेत असोत वा नसोत. आपल्याकडे महाराष्ट्रात संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगाला ऑक्टोबर 2025 पासून महिना 2500 मिळतात. ते त्याच्या पोटापाण्याचे. उठबस करते तिच्या नावावर काहीच नाही. केरळमध्ये आश्वासकिरणम् योजनेत 600 आहेत, कर्नाटकात सेरेब्रल पाल्सी, मस्क्युलर डिस्ट्रॉफी अशा मोजक्या आजारांपुरते 1000. इथेही द्यावा, आणि सांभाळणारीच्याच खात्यात.

'घरी बसून तर असते' म्हणणाऱ्यांसाठी थोडा हिशोब. कमरेखाली संवेदना नसलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलायची, रात्रीसुद्धा. म्हणजे दिवसाला बारा वेळा. टाचा अधांतरी राहाव्यात म्हणून पोटरीखाली उशी. माकडहाडावरचा लाल चट्टा बोटाने दाबून पाहायचा, पांढरा पडला नाही तर जखम आतून सुरू झाली असं समजायचं. आषाढात चादरी चार-चार दिवस वाळत नाहीत, दमट कपड्यावर कातडी मऊ पडते आणि पटकन सोलवटते. एअर बेड घेतला तर लाईट गेली की पंप बंद, हळूहळू हवा उतरते आणि माणूस खाटेच्या फळीवर येतो. म्हणून एअर बेडखाली जाड स्पंजची गादी ठेवावीच लागते. हे दुकानदार सांगत नाही.

सड्यावरून
काम किती आहे यावर वाद नाही. पैसे देऊन ते हलकं होतं, हे मान्य नाही.

2500 भागिले 30 म्हणजे दिवसाला 83 रुपये. मोठ्या माणसाचे तीन डायपर त्यात येत नाहीत. वर आणखी हजार घातले तर रात्री कूस बदलायला कोण येणार आहे? वाडीत तरणं माणूसच नाही, सगळे मुंबईला. पैशाने मिळेल अशी सेवा जवळपास असेल तरच पैशाला अर्थ.

केरळचं उदाहरण अर्धंच दिलंत. तिथले ते 600 रुपयेही महिनोन्महिने थकतात. तिथे टिकली ती दुसरी गोष्ट: पंचायतीमार्फत घरी येणारी पॅलिएटिव्ह केअरची (दीर्घ आजारात त्रास हलका करणाऱ्या सेवेची) नर्स. कॅथेटर म्हणजे लघवीची नळी बदलते, जखम धुते, घरच्यांना शिकवते. आपल्याला तेच हवं. भत्त्याचा पैसा मदतनिसांच्या पगारात घाला. आठवड्यातून दोन दुपारी आणि महिन्यातून दोन रात्री सांभाळणारीला सुट्टी मिळाली, तरी मी त्याला योजना म्हणेन.

पाखाडी
आणि हे पैसे येणार कुठून? ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाचे 5 टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. लहान ग्रामपंचायतीची घरपट्टी-पाणीपट्टी धरून 4 लाख होत असतील तर 5 टक्के म्हणजे 20 हजार, वर्षाचे. त्यात एक मदतनीस दोन महिनेही टिकत नाही.

सड्यावरून
म्हणून तर राज्याच्या तिजोरीतून म्हणतोय. मात्र कलम 24 मध्येच 'आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत' असे शब्द आहेत. तुमचा भत्ता पहिल्यांदा तिथेच अडणार.

तिरफळ
तुम्ही दोघेही 'सांभाळणारी' म्हणताय. बरोबरच आहे, पण मग त्या शब्दाचं काय ते बोलूया. इंग्लंडमध्ये असा भत्ता 1976 पासून आहे. लग्न झालेल्या बाईला मात्र तो 1986 पर्यंत मिळत नव्हता. ती घरी असायचीच, हे सरकारने गृहीत धरलेलं. भत्ता कमी-जास्त हा पुढचा प्रश्न, आधी ते काम आहे असं कागदावर येऊ दे. त्यामुळे मी भत्त्याच्या बाजूने.

एक खाच मात्र आत्ताच सांगते. दुसऱ्या सरकारी योजनेतून 1500 किंवा जास्त घेणारी बाई लाडकी बहीणला अपात्र ठरते. उद्या काळजीवाहक भत्ता 1500 ठेवला तर एका हाताने दिलेलं दुसऱ्या हाताने जाईल. शासन निर्णयातच 'इतर लाभांत धरू नये' हे वाक्य हवं. नंतर शुद्धिपत्रक काढू म्हणाले की समजायचं, निघत नाही.

सेतूचं बाकडं
भत्ता की मदतनीस, काहीही करा, दारातच अडकेल अशा दोन गोष्टी आहेत.

पहिली, टक्केवारी. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रावरचा आकडा किती बिघाड आहे ते सांगतो, किती मदत लागते ते सांगत नाही. शंभर टक्के दृष्टिहीन माणूस शाळेत शिकवतो, रोज एसटीने जातो. आणि मध्यम बौद्धिक अक्षमता, टक्केवारी 75, असा मुलगा विहिरीकडे पळेल म्हणून त्याच्यावरून नजर हलवता येत नाही. '80 च्या वर' अशी सोपी रेघ मारली तर पहिला आत, दुसरा बाहेर. कायद्यात कलम 38 खाली वेगळ्या मूल्यांकन मंडळाची सोय आहे, ती वापरावी. पण मंडळाने घरी यायचं. मंडणगडच्या वरच्या वाडीतला अंथरुणाला खिळलेला माणूस आधी पाखाडीवरून, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेने, डोलीने खाली, मग गाडीने रत्नागिरीला, हे तपासणीच्या नावाखाली चालणार नाही.

दुसरी, उत्पन्नाचा दाखला. निराधार योजनेत दिव्यांगाच्या कुटुंबाची मर्यादा वर्षाला 50 हजार आहे, म्हणजे महिन्याला साधारण 4,167. मुंबईतल्या भावाचं नाव अजून त्याच शिधापत्रिकेवर असतं, सातबारा सामाईक, वीस नावं, त्यात आंब्याची चार कलमं. सगळं मिळून कुटुंब श्रीमंत ठरतं. शिधापत्रिका आधी वेगळी करून घ्यावी, मग दाखल्याला जावं. उलट क्रमाने गेलेले परत येतात.

इंग्लंडमध्येही अशीच एक रेघ आहे. एप्रिल 2025 मध्ये ती आठवड्याला 196 पौंड कमाईवर होती. रेघेच्या वर एक पौंड गेला की अख्खा भत्ता बंद, आणि उशिरा लक्षात आलं तर मागची वसुली. आपल्याकडे आंबा हंगामात दीड महिना पेट्या भरायला जाणारी बाई अशीच सापडेल.

सड्यावरून
खातं कोणाचं, हेही सांगा. मोठी सून गणपतीपर्यंत, धाकटी शिमग्यापर्यंत, मध्ये लेक. दिवसा शेजारीण बघते. भत्ता एकीच्या नावावर गेला की बाकीच्या म्हणणार, 'पैसे घेतेस ना, मग तूच कर.'

पाखाडी
हे खरं आहे, घरं यावरून फुटतात. सहा-सहा महिन्यांची दोन नावं देता यावीत. नाव दिव्यांग व्यक्तीने सांगायचं. तिला सांगता येत नसेल आणि नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली (बौद्धिक अक्षमता, ऑटिझम अशा व्यक्तींसाठीचा कायदा) पालक नेमलेला असेल, तर त्याने.

तिरफळ
आणि बंद कधी होणार? आपल्या पद्धतीने मृत्यूची नोंद झाली की त्याच महिन्यात. वीस वर्षं नोकरीधंदा न केलेल्या बाईचं खातं तेराव्याच्या आधी कोरडं. इंग्लंडमध्ये मृत्यूनंतर आठ आठवडे भत्ता चालू राहतो.

सड्यावरून
ते आठ आठवडे लिहा मसुद्यात, माझी हरकत नाही. मदतनीस मात्र त्याच्या वरच्या ओळीत.