अनुभव धागा: दुकान बंद, पीसी चालू... मोबाइलवरून कसा उघडता?

मृगाची_सर
दोन सरी पडल्या नाहीत तर लाइटचं येणं-जाणं सुरू झालं, आणि हा जुना विषय आठवला. मोबाइलवरून दुकानातला पीसी उघडायला अ‍ॅप कोणतं, यावर सगळे भांडतात. खरी पंचाईत ही की तिकडे बटण दाबायला कोणी नसतं. त्यावर लिहा, राजेहो.

माझ्याकडून एवढं. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारं पीसीचं सेटिंग) ‘रिस्टोर ऑन एसी पॉवर लॉस’ किंवा तशाच नावाची सेटिंग असते. ती ‘पॉवर ऑन’वर ठेवा, ‘लास्ट स्टेट’वर नको. बॅटरी संपत आली म्हणून यूपीएसच्या सॉफ्टवेअरने पीसी नीट बंद केला, तर बोर्डाच्या हिशेबी तो आधीपासून बंदच होता. लाइट आली तरी ढिम्म हलत नाही. विंडोजमध्ये स्लीप ‘नेव्हर’ करा. आणि राउटरही यूपीएसवर घ्या, लोक हेच विसरतात.

खस_आणि_कूलर
यात एक मेख आहे भाऊ. पीसी बंद झाला आणि यूपीएसची बॅटरी पूर्ण उतरायच्या आत लाइट आली, तर बोर्डाला वीज गेल्याचं कळतच नाही. मग ‘पॉवर ऑन’ही कामाचं नाही. तिथे वेक ऑन लॅन, म्हणजे नेटवर्कवरून पीसी उठवायची सोय, लागते. बायोसमध्ये ती चालू, ‘ईआरपी’ (वीज बचतीची सेटिंग) बंद, विंडोजमधलं ‘फास्ट स्टार्टअप’ बंद, आणि पीसीला लॅनची वायर. वायफायवर भरवसा नको.

बर्डीवाला
बाप्पा! एवढा कुटाणा काऊन? स्मार्ट प्लग लावा नं. घरून बंद-चालू केला की पीसी उठते.

खस_आणि_कूलर
उठते, पण पीसी अडकला असं समजून चालू असतानाच वीज तोडली तर? टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) उघडी असेल तर डेटा गेलाच समजा. प्लग ठेवा, पण शेवटचा उपाय म्हणून.

मानेवाडा_पोस्ट
वेक ऑन लॅन मोबाइल डेटावरून चालत नाही का? घरच्या वायफायवर असलं की पीसी उठतो, बाहेरून नाही.

खस_आणि_कूलर
नाही चालत. पीसीला उठवणारा संदेश, मॅजिक पॅकेट, म्हणजे एफएफचे ६ बाइट आणि पुढे मॅक अ‍ॅड्रेस (नेटवर्क कार्डाचा पत्ता) १६ वेळा, एकूण १०२ बाइट. तो त्याच नेटवर्कात सगळ्यांना ओरडून सांगितला जातो, इंटरनेटवरून तसा आत येत नाही. दुकानात चोवीस तास चालू असणारं काहीतरी हवं: रास्पबेरी पाय (छोटासा कॉम्प्युटर), चार्जरला लावलेला जुना फोन. काही राउटरच्या अ‍ॅपमध्येच ‘वेक’चं बटण असतं, ते आधी बघा.

पॅकेट_लॉस
पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून येणारं कनेक्शन राउटरमधून पीसीकडे वळवणं) करायला निघालेल्यांसाठी. राउटरमधला वॅन आयपी (इंटरनेटच्या बाजूचा पत्ता) १००.६४ ते १००.१२७ यातला दिसला, तर तुम्ही कंपनीच्या सीजीनॅटमागे (अनेक ग्राहकांना मिळून एकच पब्लिक आयपी) आहात. कितीही पोर्ट उघडा, बाहेरून कोणी पोचणार नाही. आणि पब्लिक आयपी असला तरी ३३८९ (विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपचा पोर्ट) उघडा टाकू नका, पासवर्ड ठोकून बघणारे बॉट रांगेत उभे असतात.

टेलस्केल (आपल्याच यंत्रांचं खासगी नेटवर्क करणारं अ‍ॅप) टाका, पीसीवर आणि फोनवर, एकाच खात्याने. त्याचा पत्ताही १०० ने सुरू होतो, गोंधळू नका. मुख्य गोष्ट: त्याच्या लॉगिनच्या किल्लीची मुदत मुळात १८० दिवसांची असते. ती संपली की पीसी गुपचूप यादीतून गळतो आणि परत लॉगिन करायला तिकडे जावं लागतं. अ‍ॅडमिन पानावर त्या पीसीपुरतं ‘डिसेबल की एक्स्पायरी’ आजच करून ठेवा.

मानेवाडा_पोस्ट
केलं. आता विंडोजचं रिमोट डेस्कटॉप पासवर्ड चुकीचा म्हणून राहिलं.

पॅकेट_लॉस
पिन टाकत असाल. तिथे पिन चालत नाही, मायक्रोसॉफ्ट खात्याचा पासवर्डच लागतो. त्या पीसीवर कायम पिननेच लॉगिन होत असेल, तर एकदा समोर बसून पासवर्डने लॉगिन करा. ‘फक्त विंडोज हॅलो’वाली (पिन, चेहरा, बोटानेच लॉगिन) सेटिंग बंद असली पाहिजे. आणि विंडोज होम असेल तर विसरा, होममध्ये ही सोय नाही, प्रो लागते. होमवाल्यांनी क्रोम रिमोट डेस्कटॉप घ्यावं.

इतवारी_खातेवही
जीएसटीवाल्यांनो इकडे लक्ष द्या. डिजिटल सहीचा यूएसबी टोकन दुकानातल्या पीसीला लावलेला आणि तुम्ही रिमोट डेस्कटॉपने आत शिरलात, तर टोकन दिसणारच नाही. टोकन बिघडला नाही. रिमोट डेस्कटॉप टोकन शोधतो तो तुमच्या हातातल्या फोनवर. सहीपुरतं एनीडेस्क किंवा क्रोम रिमोट डेस्कटॉपने जा, ते पीसीचीच स्क्रीन दाखवतात.

त्यातला तोटा असा की समोर बसलेल्या नोकरालाही सगळं दिसतं. रिमोट डेस्कटॉपमध्ये तिकडची स्क्रीन लॉक होते.

टॅलीत फोनच्या कीबोर्डवर एफ८, एफ९ सापडत नाहीत म्हणून लोक रडतात. अ‍ॅपमधला जादा कीबोर्ड उघडा, किंवा सरळ ब्लूटूथ कीबोर्ड.

बर्डीवाला
२० तारखेला ३बी (जीएसटीचं रिटर्न) भरणाऱ्याच्या डोळ्याचं काय पण? एवढ्याशा स्क्रीनवर आकडा दिसत नाही बे 😂

इतवारी_खातेवही
रिझोल्यूशन १२८० बाय ७२० करा. क्रोमवाल्यात दोन बोटांनी टॅप केलं की राइट क्लिक.

काळी_टोपी
मॉनिटर बंद करून जाता की वायरच काढून नेता? वायर काढली तर क्रोम नाहीतर एनीडेस्कमध्ये काळी स्क्रीन किंवा ६४० बाय ४८० येऊ शकते. एचडीएमआयचा डमी प्लग मिळतो, तो खोचून ठेवा.

संत्र्याची_फोड
सेटिंग सांगून राहिले ते ठीक, पण आई-बाबांच्या फोनवर एनीडेस्क, टीमव्ह्यूअर ठेवू नका. ‘बिल थकलं, आज रात्री लाइट कापू’ असा मेसेज येतो, मग फोन, मग अ‍ॅप टाका आणि कोड सांगा. एनीडेस्कबद्दल रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्येच सावध केलं होतं. कोड दिला गेलाच तर आधी नेट बंद, मग बँक आणि १९३० (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन).

मृगाची_सर
काकू, एकदम बरोबर.

संत्र्याची_फोड
काकू कोणाला म्हणता हो 😄

टर्मिनल_चावडी
लिनक्सवाले कुठे गेले? टर्मक्समधून (अँड्रॉइडवरचं टर्मिनल अ‍ॅप) एसएसएच, म्हणजे दूरच्या मशीनवर कमांडने लॉगिन, आत टीमक्स, जो तिकडे काम चालू ठेवतो. मेट्रोत टॉवर बदलला की कनेक्शन तुटतं, पण काम टीमक्समध्ये चालूच राहतं, परत जोडलं की तिथूनच पुढे. एसएसएचऐवजी मॉश घेतलं तर तुटतही नाही. त्याला सर्व्हरवर यूडीपीचे ६०००० ते ६१००० पोर्ट मोकळे लागतात. अँड्रॉइडची बॅटरी बचत टर्मक्सला मारते, ती त्या अ‍ॅपपुरती बंद करा.

खस_आणि_कूलर
अजून एक. पुढच्या मे महिन्यात पीसी बंद दुकानात चालू ठेवणार असाल तर आत्ताच धूळ काढा, गरम होऊन स्वतःच बंद पडतात. पण म्हणून कूलरच्या तोंडाशी नका ठेवू, ओलावा आत जातो.

बर्डीवाला
मंग कुठं ठेवू, फ्रीजमध्ये?

मानेवाडा_पोस्ट
भाऊ, पासवर्डने झालं सुरू 🙏 पण आवाज फोनवर येऊन राहिला, पीसीवर नाही. कुठे बदलायचं?

पॅकेट_लॉस
अ‍ॅपमध्ये त्या पीसीच्या नावासमोरच्या तीन ठिपक्यांत जा, एडिट, मग साउंड. तिथे ‘प्ले ऑन रिमोट पीसी’सारखा पर्याय आहे.