गोळीने भावाची मान वाकडी झाली, आता रात्रभर अंगणात फेऱ्या मारतो. कोणी यातून गेलंय का?

धाकटा_पारोळा

नमस्कार मंडळी. पारोळा तालुक्यातून लिहितोय. माझा मोठा भाऊ, वय २६. दिवाळीपासून आजारी आहे. आधी झोप गेली, मग शेजारचे आपल्या बोअरमध्ये औषध टाकतात म्हणायला लागला. कानात आवाज येतात म्हणायचा. जळगावला मानसोपचार डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी हॅलोपेरिडॉल ५ मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ आणि झोपेची एक गोळी दिली.

दोन-तीन दिवसांतच संध्याकाळी जेवायला बसला आणि घास तोंडात तसाच राहिला. जबडा आवळला, मान डाव्या खांद्याकडे ओढली गेली, डोळे आढ्याला लागले ते खाली येईचनात. शुद्ध पूर्ण होती. घाबरून माझा हात घट्ट धरला होता त्याने. आई रडायला लागली. गल्लीतल्या म्हाताऱ्या म्हणाल्या, "याले बाहेरनं शे, भगतकडे लई जा." काकांनी कोणाचं न ऐकता रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी गोळ्यांची चिठ्ठी बघितली, कमरेत फेनर्गनचं इंजेक्शन दिलं आणि अर्ध्या तासात मान सरळ.

जळगावच्या डॉक्टरांनी फोनवर मान पुन्हा वळू नये म्हणून पॅसिटेन नावाची गोळी, २ मिलिग्रॅम, सुरू करायला सांगितलं. मान पुन्हा वळली नाही. पण आता वेगळंच सुरू झालंय. एका जागी बसतच नाही. अर्ध्या ताटावरून उठतो, ओट्यापर्यंत जातो, परत येतो. रात्री अंगणात फेऱ्या. विचारलं तर म्हणतो, "आतून कोणीतरी ढकलतंय." काका म्हणतात आजार वाढला, डोस वाढवून घ्या. आई म्हणते गोळ्या बंदच करा. भाऊ गोळी बघितली की तोंड फिरवतो. आवाज मात्र कमी झालेत, हे तो स्वतः सांगतो.

ज्यांनी स्वतः भोगलंय त्यांनी सांगा. हे कायमचं राहतं का?

सिस्टर_चाळीसगाव

मी नर्स आहे. मान वळली, डोळे वर गेले त्याला डिस्टोनिया म्हणतात. औषध सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर पहिल्या काही दिवसांत होतो आणि तरुण पोरांना जास्त होतो. फक्त मनाच्या औषधांनीच होतो असं नाही. उलटीसाठी पेरिनॉर्म किंवा स्टेमेटिल दिलं तरी होतो. उलटीचं इंजेक्शन घेऊन घरी गेलेली चांगली धडधाकट पोरगी तासाभरात वाकडी मान घेऊन परत आलेली मी बघितली आहे. घरचे तिच्यावरून लिंबू उतरवत बसले होते.

लोकांना फिट वाटते, धनुर्वात वाटतो. मोठ्या फिटमध्ये शुद्ध जाते, यात माणूस तुम्हाला ओळखत असतो, हा फरक लक्षात ठेवा. घसा आवळला, श्वास घेताना आवाज येऊ लागला तर मात्र थांबू नका, १०८ ला फोन करा. आणि ज्या औषधाने झालं त्याचं नाव एका कार्डावर लिहून भावाच्या खिशात ठेवा. पुढे कुठेही, अगदी दात काढायला गेला तरी, ते दाखवायचं.

तुमच्या काकांना माझा नमस्कार सांगा. वेळेवर नेलं.

शिलाई_अमळनेर

"आतून कोणीतरी ढकलतंय." दादा, हे वाक्य मी परत परत वाचलं. मी हेच सांगत होते आणि घरात कोणाला कळत नव्हतं.

मी अमळनेरला ब्लाउज शिवते. धाकटी झाली त्यानंतर मला हा आजार लागला. रिस्पेरिडोन दिलं. आवाज गेले, झोप आली, मुलीला जवळ घ्यायला लागले. मग थोड्या दिवसांनी पाय सुरू झाले. पायमशीनवर बसायचं, दोन टाके घातले की उठायचं. अस्तर कापायला घेतलं की कात्री तिथेच टाकून दारापर्यंत, परत आत, परत दार. आरतीला उभी राहिले तर या पायावरून त्या पायावर. दुखत काही नाही, मुंग्या नाहीत. पण थांबलं की जीव घाबरा होतो आणि चाललं की तेवढ्यापुरतं बरं वाटतं. नवरा म्हणायचा, बस ना एका जागी. अहो, बसता आलं असतं तर मी बसलेच असते!

तेव्हा ज्या दवाखान्यात जात होते तिथे सांगितलं "बेचैन वाटतं". त्यांनी आजार उसळला समजून गोळी वाढवली. गोळी वाढली तसे पाय वाढले. त्या दिवसांत मला जगणं नको वाटायचं. आवाजांमुळे नाही, आवाज तर गेले होते. या न थांबणाऱ्या पायांमुळे. म्हणून तुम्हाला कळकळीने सांगते, भावाला जवळ बसवून, म्हणजे त्याच्यासोबत फेऱ्या मारत, सरळ विचारा की नको नको ते विचार येतात का. विचारल्याने विचार येत नाहीत. येत असतील तर तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. रात्री कोणी मिळालं नाही तर १४४१६ हा टेली मानसचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

मला कळलं ते धुळ्याला. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "बेचैनी डोक्यात आहे की पायात?" मी म्हटलं पायात. मग मला खुर्चीवर बसवलं, थोडा वेळ उभं केलं आणि बोलता बोलता माझ्या पायांकडेच बघत राहिल्या. म्हणाल्या, हा अकॅथिसिया आहे, औषधाचा आहे, तुमचा आजार वाढलेला नाही. मी तिथेच रडले. डोस खाली आणला आणि प्रोप्रॅनोलॉल सुरू केली. ती खरी बीपीची, छातीच्या धडधडीची गोळी आहे, पण यात चालते. दमा आहे का ते त्यांनी आधी विचारलं, कारण दमेकऱ्यांना ती देत नाहीत. आठवडाभरात मी सबंध ब्लाउज एका बैठकीत शिवला. पॅसिटेन मानेच्या आणि कडकपणाच्या त्रासाला चांगली, या पायांच्या त्रासाला तेवढी लागू पडत नाही. तुमच्याकडे मान थांबली आणि फेऱ्या राहिल्या, ते यामुळेच असेल. पण हे डॉक्टरांनी त्याला बघून ठरवायचं.

म्हणून काकांचं डोस वाढवायचं ऐकू नका आणि आईचं बंद करायचंही ऐकू नका. दोघं प्रेमापोटीच बोलतात. पण एकदम बंद केली तर बोअरमध्ये विष टाकल्याचा संशय परत येईल.

डॉक्टरांसमोर नुसतं "बेचैन आहे" म्हणू नका. गोळी सुरू झाल्यावर किती दिवसांनी फेऱ्या लागल्या, ताटावर बसून जेवण पुरं होतं का, चालल्यावर त्याला बरं वाटतं का, हे सांगा. फेऱ्यांचा मोबाइलवर व्हिडिओ काढा, पण त्याला विचारून काढा. दवाखान्यात माणूस कसंबसं आवरून बसतो आणि डॉक्टरांना काही दिसत नाही.

आणखी एक, हे पुढे होऊ शकतं म्हणून सांगते. पाय थांबल्यावर काही महिन्यांनी माझे हात जड झाले. सुईत दोरा ओवायला मुलीला हाक मारावी लागे. मापाच्या वहीत छाती ३४, कंबर ३० लिहायचे ते आकडे मुंगीएवढे होत गेले. गिऱ्हाइकं विचारायची, "रागावलीस का गं?", कारण चेहरा हलतच नव्हता. सकाळी उशी लाळेने ओली. मुलगी म्हणाली, आई, तू चालताना हात हलवत नाहीस. हा पार्किन्सनसारखा कडकपणा, तोही औषधाचाच. मग त्यांनी हळूहळू, जुनी कमी करत नवी वाढवत, क्वेटियापीनवर आणलं. हात मोकळे झाले. वजन वाढलं, हे खरं आहे, आणि साखर तपासत राहावी लागते. मला ते चाललं. तुमच्या भावाला काय चालेल ते त्याचे डॉक्टर बघतील.

धाकटा_पारोळा

ताई, तुमचं उत्तर मी भावाला वाचून दाखवलं. तो फेऱ्या मारत ऐकत होता. मशीनवरून उठण्याचं आलं तेव्हा म्हणाला, "हेच, हेच." मग स्वतः मोबाइल घेऊन परत वाचलं. नको ते विचार येतात का तेही विचारलं. म्हणाला, एकदा आले होते, आता नाहीत. दमा नाही. सोमवारी डॉक्टरांची वेळ होती, ती फोन करून उद्यावर घेतली.

आईची एक भीती आहे. आमच्या गल्लीत एक आजोबा आहेत, जुने पेशंट. त्यांचे ओठ सारखे हलतात, काही चघळतात तसे. आई म्हणते पोराचं तसं होईल.

यावलकर_केळीवाला

आजोबांसारखंच माझ्या पत्नीला आहे, म्हणून लिहितो.

तिला वर्षानुवर्षं फ्लुफेनाझिनचं इंजेक्शन होतं, महिन्याला एक. घर सुरळीत चाललं, दोन्ही पोरांची लग्नं तिने उभं राहून केली. लग्नाच्या व्हिडिओत सुनेला दिसलं की सासूबाईंची जीभ आत-बाहेर होते. आम्ही रोज बघतो म्हणून आम्हाला दिसलंच नव्हतं. त्याला टार्डिव्ह डिस्किनेशिया म्हणतात. महिने-वर्षं औषध घेतल्यावर येतो, आठ-पंधरा दिवसांत नाही. वय जास्त, औषध जुनं, बाईमाणूस, अशांना धोका जास्त. तुमच्या भावाच्या फेऱ्या आणि हे, दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आईंना हे नीट समजावून सांगा.

खरं सांगायचं तर हा त्रास प्रत्येकाचा पूर्ण जात नाही. म्हणून लवकर दिसणं महत्त्वाचं. डॉक्टरांना सांगा की अधूनमधून जीभ, ओठ, बोटं बघत जा. औषध घाईने बंद केलं तर हालचाल उलट वाढू शकते, आणि पॅसिटेननेही वाढू शकते. हिला क्लोझापीनवर आणलं, सुरुवातीला दर आठवड्याला रक्त तपासायला भुसावळला नेत होतो. सोबत या हालचालीवरची गोळी, टेट्राबेनाझिन. आता जेवताना दिसतं, एरवी फारसं नाही. परवा हळदीकुंकवाला गेली होती.

दुसरी गोष्ट उन्हाची. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. ही औषधं शरीराला गरमी सोसू देत नाहीत आणि पॅसिटेनने घाम कमी येतो. भर दुपारी शेतात पाठवू नका, पाणी पाजत राहा. अंग लाकडासारखं ताठ, जोराचा ताप, घाम, बरळणं, लघवी काळपट, असं दिसलं तर ऊन लागलं म्हणून कांदा चोळत घरी बसू नका. सरळ मोठ्या दवाखान्यात न्या आणि गोळ्यांची नावं सांगा. क्वचित होतं, पण जिवावरचं असतं.

सिस्टर_चाळीसगाव

केळीवाले दादांनी सांगितलं ते अगदी बरोबर. शेवटच्या त्रासाला न्यूरोलेप्टिक मॅलिग्नंट सिंड्रोम म्हणतात, त्यात ही मनाच्या आजाराची गोळी ताबडतोब थांबवावी लागते, पण दवाखान्यात भरती करून.

सगळ्याच्या मुळाशी डोपामिन आहे, म्हणजे मेंदूतलं एक रसायन. मेंदूत संशय, आवाज जिथे तयार होतात तिथे ही औषधं डोपामिनचं काम अडवतात. पण हातपाय हलवायलाही तेच डोपामिन लागतं, आणि गोळी दोन्हीकडे पोचते. १९५२ ला पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिन या आजारांना वापरायला लागले, तेव्हाच्या पिढीपासून डॉक्टरांना हे त्रास ठाऊक आहेत. त्यामुळे सांगायला संकोच करू नका. नवीन औषधांत हे कमी होतं, पण होतच नाही असं नाही.

धाकटा_पारोळा

जाऊन आलो. व्हिडिओ दाखवला. डॉक्टरांनी हॅलोपेरिडॉल निम्मी केली, प्रोप्रॅनोलॉल दिली, आणि दोन आठवड्यांनी औषधच बदलायचं का ते बघू म्हणाले. काका सोबत होते, डोस वाढवायचं त्यांनी काढलंच नाही. काल भाऊ सगळं ताट बसून जेवला, मध्ये एकदाच उठला. गोळी स्वतः मागून घेतो.

आता तो विचारतोय ट्रॅक्टर चालवू का. नांगरणीचं काम पडलंय. आणि रात्री पाणी भरायला जाऊ का?

शिलाई_अमळनेर

वाचून फार बरं वाटलं. स्वतः मागून घेतो, हे मला सगळ्यात आवडलं.

ट्रॅक्टर इतक्यात नको. पॅसिटेनने जवळचं अंधुक दिसतं काहींना, मला सुई दिसायची नाही. प्रोप्रॅनोलॉलने सुरुवातीला उठताना चक्करही येते. पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारा, ते हो म्हणाले की चालवू द्या. पॅसिटेन संध्याकाळी उशिरा असेल तर तेही विचारा, माझी झोप तिने उडायची म्हणून मला सकाळी-दुपारी घ्यायला सांगितलं होतं. तोंड कोरडं पडतं, पोट साफ होत नाही, तर ताक द्या. बरं वाटतं म्हणून जास्तीची मात्र घेऊ देऊ नका.

रात्रीच्या लाइटीचं पाणी भरायला पाठवू नका, झोप मोडली की आजार डोकं वर काढतो. सकाळच्या पाळीला पाठवा, कोणीतरी सोबत असू द्या. बांधावरून चालणं होईल आणि ऊन चढायच्या आत घरी येईल.