मुंगी उडाली आकाशी... म्हणजे नक्की काय?

मुक्ताईचा हा अभंग कालपासून डोक्यात घोळतोय. मुंगी सूर्य गिळते, वांझेला पोरगा होतो, माशी व्यायली तर थेट घार! हे आलं कुठून, कोणी सांगेल का?

— याला कूट म्हणतात, म्हणजे कोड्यासारखी रचना. मुंगी म्हणजे सूक्ष्म झालेला जीव आणि सूर्य म्हणजे ज्ञान, असं बरेच जण लावतात.

— मूळ नाथपंथात बघा, निवृत्तीनाथांचे गुरू गहिनीनाथ आणि मुक्ताई निवृत्तीनाथांची धाकटी बहीण, म्हणजे ही उलटी भाषा घरातच होती की, कबीराच्या उलटबांसी (उलट्या अर्थाच्या रचना) पण त्याच वळणाच्या.

— प्रत्येक प्राण्याला अर्थ चिकटवत बसू नका हो, शेवटी 'देखोनी मुक्ताई हासली' आहे ना, बाई स्वतःच हसतेय!