एडिंबराची जुनी जॉर्जियन (इंग्लंडच्या जॉर्ज राजांच्या काळातली) बिल्डिंग : खोटी खिडकी, अंधारी खोली आणि लटकता जिना

कोकणकडा
नमस्कार मंडळी, नोकरीमुळे एडिंबराला आलोय आणि न्यू टाउनमध्ये (शहराचा अठराव्या-एकोणिसाव्या शतकात आखून बांधलेला भाग) डंडास स्ट्रीटजवळ भाड्याने फ्लॅट घेतलाय, वरचा मजला, एजंट म्हणाला बिल्डिंग १८२० च्या आसपासची. बाहेरून एकदम राजवाडा, पण आत शिरलं की काही गोष्टी कळतच नाहीत. रस्त्याकडच्या भिंतीत एक खिडकी आहे ती खिडकीच नाहीये, दगडावर काळा रंग देऊन वर पांढऱ्या पट्ट्या मारल्यात. फ्लॅटच्या मधोमध एक खोली आहे तिला एकही खिडकी नाही. आणि कॉमन जिन्याच्या दगडी पायऱ्या फक्त एका बाजूने भिंतीत घुसलेल्या, खाली ना तुळई ना खांब! बायको सामान घेऊन चढताना भिंतीला चिकटून चालते. कोणी माहितगार असेल तर सांगा ना, शिवाय हिवाळ्यात खिडक्यांतून गार वारा येतो, डबल ग्लेझिंग (दुहेरी काच) करून देतील का मालक?

मुकादम_लंडनवाला
खोटी खिडकी म्हणजे विंडो टॅक्स हो. खिडक्या मोजून कर घ्यायचे म्हणून लोकांनी बुजवून टाकल्या, सोप्पंय.

रेघोट्या
मुकादम, हे सगळेच सांगतात, टूर गाइडसुद्धा. कर होता आणि १८५१ ला रद्द झाला हे खरं, पण न्यू टाउनमधल्या बऱ्याचशा आंधळ्या खिडक्या बांधतानाच तशा केलेल्या आहेत. मागे चिमणीचं धुराडं किंवा आडवी भिंत आलेली असते, तिथे खरी खिडकी काढताच येत नाही, पण बाहेरून ओळ तुटायला नको.

कोकणकडा, तुमच्या सगळ्या प्रश्नांचं मूळ इथेच आहे. १८०२ मध्ये रॉबर्ट रीड आणि विल्यम सिबाल्ड यांनी न्यू टाउनच्या पहिल्या टप्प्याच्या उत्तरेला दुसऱ्या टप्प्याचा आराखडा केला, आणि प्लॉट देताना दर्शनी बाजू कशी असायची हे आधीच ठरवलेलं असायचं. बिल्डरला समोरून मोकळीक नाही, आत मात्र बरीच. त्यामुळे महालासारख्या तोंडामागे फ्लॅटांची चळत. रस्त्यावर घडीव दगड, तळमजल्यावर सांध्यांना मुद्दाम खोल खाचा, वर गेलं की खिडक्यांची उंची कमी कमी होत जाते, आणि मागच्या गल्लीत जाऊन बघा, तिथे साधी डबराची भिंत! पैसा सगळा समोर ओतलाय. माझं प्रामाणिक मत, मागची बाजू जास्त खरी आणि मला तीच आवडते.

अंधारी खोली: बिल्डिंग खोल, उजेड फक्त पुढून आणि मागून, मग मधल्या भागात कोठीची खोली किंवा कपाटं टाकायची. जिनाही बऱ्याचदा मध्येच, म्हणून त्याच्या डोक्यावर काचेचा घुमट असतो, क्यूपोला. तुमच्याकडे असेलच, मान वर करून बघा.

सिव्हिलवाला_सांगली
जिन्याचं मी सांगतो, वहिनींना बिनधास्त मधून चालायला सांगा. लटकता म्हणतात पण तो खऱ्या अर्थाने लटकत नाही. प्रत्येक पायरीचं टोक भिंतीत थोडंसंच रोवलेलं असतं, आणि पुढची कड खालच्या पायरीवर खाच करून टेकलेली. भार एका पायरीवरून दुसरीवर असा खाली उतरत जातो आणि भिंत फक्त पायरीला पिळू देत नाही. म्हणूनच मधली एखादी पायरी तडकली तर ते हलक्यात घ्यायचं नाही, आणि रेलिंग बसवायला कोणी मनाने भोकं पाडायची नाहीत. दगड बहुतेक क्रेगलीथच्या खाणीतला, भयंकर कठीण वालुकाश्म. त्या खाणीच्या जागी आता शॉपिंग सेंटर आहे, तुम्ही कदाचित तिथूनच किराणा आणत असाल 😄

कोकणकडा
हो हो, घुमट आहे!! दुपारी जिन्यात मस्त उजेड पडतो. आणि जिन्यात एक पितळी दांडा पण आहे, तो कशाचा?

रेघोट्या
तो ओढला की खालचा रस्त्यावरचा दरवाजा उघडतो, तारेने जोडलेला असतो, इंटरकॉमच्या आधीची सोय. चालू असेल तर भाग्यवान आहात.

डबल ग्लेझिंगबद्दल, त्या भागातल्या बहुतेक इमारती लिस्टेड (वारसा म्हणून कायद्याने संरक्षित) आहेत आणि ओल्ड टाउन, न्यू टाउन दोन्ही १९९५ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत, त्यामुळे परवानगीशिवाय खिडकी बदलता येत नाही. आतून दुसरी काच बसवणं सोपं पडतं, मालकाला तेच विचारा. त्याआधी लाकडी झडपा शोधा, खिडकीच्या बाजूच्या पॅनेलमध्ये घडी करून ठेवलेल्या असतात, कितीतरी जणांनी वर रंगाचे थर देऊन बंद करून टाकल्यात. रात्री त्या लावल्या तरी बराच फरक पडतो.

मुकादम_लंडनवाला
आणि छप्पर गळलं तर? वरचा मजला म्हणतायत म्हणून विचारतो.

सिव्हिलवाला_सांगली
दोन उतारांच्या मध्ये शिशाची पन्हळ असते, पानं अडकली की पाणी तिथूनच आत येतं. पण खर्च एकट्या वरच्याचा नाही, आपल्या चाळीत छपरावरून वर्षानुवर्षं भांडणं चालतात तसं होऊ नये म्हणून स्कॉटलंडमध्ये २००४ चा टेनेमेंट (अनेक फ्लॅट असलेली इमारत) कायदाच आहे. आधी खरेदीखतात काय लिहिलंय ते बघतात, तिथे काही नसेल तर कायद्याप्रमाणे सगळ्या मालकांत वाटणी. तुम्ही भाडेकरू, तेव्हा डाग दिसला की फोटो काढून मालकाला पाठवा आणि मोकळे व्हा.