फ्रीझरच्या तळाशी बर्फाची लादी आणि भाजीच्या खणात पाणी : हे गॅस संपल्याचे लक्षण आहे का?

मुलुंडची_गृहिणी :

नमस्कार. आमच्याकडे वर फ्रीझर आणि खाली फ्रिज असा दोन दरवाजांचा फ्रॉस्ट-फ्री फ्रिज आहे. त्याला सात-आठ वर्षे झाली असतील. पावसाळा सुरू झाल्यापासून फ्रीझरच्या तळाशी काचेसारखी गुळगुळीत बर्फाची लादी तयार होऊ लागली आहे. मासेमारीबंदीच्या आधी भरून ठेवलेल्या सुरमईचे सर्वांत खालचे पाकीट त्या लादीत असे रुतले आहे की हलता हलत नाही. त्याच सुमारास खालच्या कप्प्यात मागच्या भिंतीवरून पाणी ओघळू लागले. भाजीच्या खणात तळे साचते, कोथिंबीर दोन दिवसांत कुजते आणि सकाळी फ्रिजसमोरच्या फरशीवर पाय घसरतो.

एका मेकॅनिकला बोलावले. त्याने फ्रीझरमध्ये हात फिरवला आणि गॅस संपला आहे, चार्जिंग करावे लागेल, असे सांगून तो मोकळा झाला. मात्र आईस्क्रीम दगडासारखे घट्ट असते आणि ट्रेमधले पाणीही नेहमीच्याच वेळात गोठते. गॅस संपला असता तर असे झाले असते का? सासूबाईंचे म्हणणे आहे की फ्रिज रात्रभर बंद ठेवून सगळा बर्फ वितळवून टाकावा. त्याने प्रश्न सुटेल का, की चार दिवसांनी पुन्हा तेच? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

निवृत्त_तंत्रज्ञ_लालबाग :

ताई, आपण वर्णन नेमके केले आहे, त्यामुळे निदान सोपे झाले. गॅस कमी झाला की सर्वांत आधी गारवा जातो, आईस्क्रीम मऊ पडते आणि कंप्रेसर थांबायचे नाव घेत नाही. फ्रीझरचे मागचे पॅनल काढून पाहिले तर कॉइलच्या, म्हणजे थंड करणाऱ्या नळीच्या, सुरुवातीच्या एक-दोन वेढ्यांवरच बर्फ दिसतो, बाकीची कॉइल कोरडी असते. आपल्याकडे यातले काहीच नाही. तूर्त चार्जिंगवर एक रुपयाही खर्च करू नका.

बर्फ कुठे साचला आहे आणि तो दिसतो कसा, यावरून दोष बहुतेक वेळा ओळखता येतो. मागच्या पॅनलवर पांढरा, भुसभुशीत थर सगळीकडे चढला असेल आणि खालचा कप्पा गार होत नसेल, तर डिफ्रॉस्टची, म्हणजे बर्फ आपोआप वितळवणारी, यंत्रणा बंद पडली आहे असे समजावे. दरवाजाच्या कडेला किंवा पुढच्या पाकिटांवर हिमासारखा भुगा दिसत असेल, तर रबरातून बाहेरची हवा आत शिरते आहे. तळाशी पारदर्शक लादी असेल, तर ते आधी पाणी होते आणि नंतर गोठले. म्हणजे निचऱ्याचे भोक तुंबले आहे.

आता हे पाणी येते कुठून, ते सांगतो. फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमध्ये थंड करणारी कॉइल फ्रीझरच्या मागच्या पॅनलआड असते आणि हवेतले बाष्प तिच्यावर गोठते. कंप्रेसर साधारण आठ ते बारा तास चालला की टायमर किंवा सर्किट बोर्ड त्याला थांबवतो आणि कॉइलखालचा हीटर वीस-तीस मिनिटे चालू होतो. वितळलेले पाणी खालच्या पन्हळीत पडते, तिथल्या भोकातून निचरा नळीत उतरते आणि मागे कंप्रेसरवर बसवलेल्या ताटलीत जमते. कंप्रेसरच्या उष्णतेने ते तिथेच उडून जाते. भोक गोठले की पन्हळ भरून वाहते, पाणी फ्रीझरच्या तळावर पसरून त्याची लादी होते आणि उरलेले हवेच्या वाटेने खालच्या कप्प्यात ओघळते. मुंबईत जुलैमध्ये हवा इतकी दमट असते की दरवाजा उघडला की दर वेळी बाष्प आत जाते. त्यामुळे उन्हाळ्यात अर्धवट तुंबलेली नळी कशीबशी पुरते आणि पावसाळ्यात हात टेकते.

सासूबाईंचा सल्ला अर्धा बरोबर आहे. बर्फ वितळवायलाच हवा, पण निचऱ्याच्या भोकातली गुठळी पाठीमागच्या इन्सुलेशनमध्ये खोल असते. एका रात्रीत वरची लादी जाते आणि ती गुठळी तशीच राहते. मासे शेजाऱ्यांच्या फ्रीझरमध्ये हलवा, पिन सॉकेटमधून काढा, दोन्ही दरवाजे उघडे ठेवा आणि समोर टेबलफॅन लावा. मग पॅनलचे स्क्रू काढा. पॅनल चिकटलेले असेल तर ओढू नका, कारण काही मॉडेलमध्ये पंख्याची वायर त्यालाच जोडलेली असते. भोक दिसले की मोठ्या सिरिंजने त्यात कोमट पाणी थोडे थोडे सोडत राहा. पाणी मागच्या ताटलीत पडल्याचा आवाज आला म्हणजे वाट मोकळी झाली. उकळते पाणी वापरू नका, आतले प्लास्टिक तडकते.

दादरकर_आजोबा :

वरील उत्तरात एक भर घालतो. लादी काढण्यासाठी सुरी, पेचकस किंवा उलथने हातात घेऊ नये. कॉइल ॲल्युमिनियमची असते आणि तिला टोचा बसला तर दुरुस्तीचा खर्च नव्या फ्रिजच्या जवळ जातो. शिवाय हल्लीच्या बहुतेक फ्रिजमध्ये आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन असते. प्रमाण थोडे असले तरी तो ज्वलनशील वायू आहे, आणि मुंबईतल्या स्वयंपाकघरात गॅसची शेगडी फ्रिजपासून हाताच्या अंतरावर असते. आपल्या फ्रिजमध्ये कोणता वायू आहे, ते मागच्या लेबलवर छापलेले असते.

बोरिवली_पूर्व :

निचऱ्याचे निदान मला पटते, तरी दरवाजाचे रबर तपासल्याशिवाय राहू नये, असे मला वाटते. कागदाची पट्टी दरवाजात धरून दार लावावे आणि ती ओढून पाहावी. जिथे ती सहज निसटते तिथे रबर ढिले पडले आहे. बऱ्याचदा ते खराब नसते, नुसते तेलकट झालेले असते. साबणाच्या कोमट पाण्याने पुसल्यावर पकड परत येते. फ्रिजचे पुढचे पाय किंचित उंच ठेवावेत, म्हणजे दार आपोआप लागते. आमच्या जुन्या इमारतीत फरशीच पुढे झुकलेली आहे, त्यामुळे हा उपाय आम्हाला सर्वांत आधी करावा लागला.

मुलुंडची_गृहिणी :

सर्वांचे आभार. रबर ठीक आहे. पट्टी चारही बाजूंनी घट्ट बसते. सुचवल्याप्रमाणे पॅनल काढले. कॉइलवर बर्फ फारसा नव्हता, पण पन्हळीतले भोक काठोकाठ गोठलेले होते आणि त्यावर खोबऱ्याचा चव आणि काळपट चिकट गाळ बसला होता. कोमट पाण्याने वाट मोकळी झाली आणि मागे ताटलीत पाणी पडले. मेकॅनिकला हे कळवल्यावर तो आता हीटर आणि बायमेटल (उष्णता वाढली की हीटर बंद करणारा स्विच) दोन्ही बदलायला हवे म्हणतो. ते करावे का? आणि भोक पुन्हा गोठू नये म्हणून काय करता येईल?

निवृत्त_तंत्रज्ञ_लालबाग :

कॉइलवर बर्फाचा जाड थर नव्हता, याचाच अर्थ हीटर आणि बायमेटल आपले काम करत आहेत. तरीही मेकॅनिकने मीटर लावला तर एक गोष्ट लक्षात ठेवा. बायमेटल थंडीत जोडले जाते आणि उष्णतेत तुटते, त्यामुळे सामान्य तापमानात मीटरवर ते तुटलेलेच दिसणार. तेवढ्यावरून ते खराब ठरवणाऱ्याला बर्फात घालून पुन्हा मोजायला सांगावे. हीटरचे मोजमाप मात्र कुठल्याही तापमानात करता येते. १५० वॉटचा हीटर असेल तर मीटरवर साधारण साडेतीनशे ओहम दिसायला हवेत. काहीच दिसत नसेल तरच तो बदलायचा.

गोठणे टाळण्याच्या प्रश्नाचे उत्तर बहुधा हीटरच्या खालीच सापडेल. पुष्कळ मॉडेलमध्ये हीटरला ॲल्युमिनियमची एक छोटी पट्टी अडकवलेली असते आणि तिचे टोक निचऱ्याच्या भोकात उतरते, म्हणजे हीटरची ऊब नळीच्या तोंडापर्यंत जाते. पूर्वी कोणी पॅनल उघडले असेल आणि ती पट्टी पडली किंवा वाकली असेल, तर भोक पुन्हा पुन्हा गोठते. ती जागेवर आहे का, एवढे पाहा. नसेल आणि हीटर धातूच्या नळीचा असेल, तर जाड, उघडी तांब्याची तार हीटरला एक वेढा देऊन तिचे टोक भोकात सोडतात. अनुभवी मेकॅनिक हे काम सहज करतो. काचेच्या नळीच्या हीटरला मात्र तार गुंडाळू नये.

खवलेला नारळ आणि मासे झाकणाच्या डब्यात ठेवा आणि फ्रीझरच्या तळाशी पुढच्या बाजूला हवा परत जाण्याच्या ज्या खाचा असतात, त्या मोकळ्या राहू द्या, कारण चव आणि भुगा तिथूनच मागे ओढला जातो. फ्रिज चालू केल्यावर दोन-तीन दिवस ताटलीवर लक्ष ठेवा. तिथे पाणी येत नसेल आणि वर पुन्हा ओल दिसत असेल, तर नळीचे खालचे टोक पाहा; काही मॉडेलमध्ये त्याला रबरी झडप असते आणि ती चिखलाने चिकटून बसते. ती काढून धुतली की झाले.