आई बहिरी म्हणून पोर आजीकडे ठेवायचं?

अबोली_ठाणे: काल एका गृहस्थांनी इथे लिहिलं, "आईवडील दोघंही बहिरे असतील तर मूल पहिली तीन वर्षं ऐकणाऱ्या आजीकडे ठेवावं, नाहीतर बोलायला शिकत नाही." वाचून डोकं फिरलं. मी बहिरी, नवरा बहिरा, मुलगी ऐकणारी. बाळंतपणानंतर सासूबाईंनी पाळणा स्वतःच्या खोलीत नेला, म्हणे "तुला रडणं कसं कळणार?" माझ्या उशीखाली पोर रडलं की थरथरणारं यंत्र होतं. मुलीने पहिल्यांदा दूध मागितलं ते हाताने. सासूबाई म्हणाल्या, पोर हात नाचवते.

जुना_मास्तर: ताई, राग रास्त आहे. पण कानावर पडल्याशिवाय जीभ वळत नाही, हे कोणीही सांगेल.

तिरकस: मास्तर, शेजारची काकू, मामा, अंगणवाडी, टीव्ही, सगळे मुके का? बहिऱ्या आईबापांची बहुतेक मुलं ऐकणारीच असतात आणि दोन भाषा, हातांच्या खुणांची (साइन) आणि तोंडाची, घेऊन मोठी होतात. तुमचा नातू इंग्रजी शाळेत गेला तेव्हा पेढे वाटलेत ना?

वाचा_तज्ज्ञ: मी स्पीच थेरपिस्ट आहे. वेळेत कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे शस्त्रक्रियेने कानात बसवायचं ऐकण्याचं यंत्र, झालं असतं तर यातले निम्मे प्रश्न उद्भवलेच नसते. केंद्राच्या एडिप या अपंगांना साधनं देणाऱ्या योजनेत लहान मुलांच्या इम्प्लांटसाठी मदत मिळते.

अबोली_ठाणे: विषय माझ्या आईपणाचा आहे, माझ्या कानांचा नाही! १९८८ साली इम्प्लांटसाठी कुठली मदत? मला शाळेत हात मांडीखाली दाबून बसवायचे, 'ओठ बघ, बोल' म्हणून. १८८० मध्ये इटलीत मिलानला भरलेल्या बहिऱ्यांच्या शिक्षणाच्या परिषदेने शाळांतून साइन हद्दपार केली, २०१० मध्ये कॅनडात व्हँकुव्हरला अशाच परिषदेत त्याबद्दल खेद व्यक्त झाला. आमच्या बाईंपर्यंत काही तो पोचला नाही.

वाचा_तज्ज्ञ: सगळ्या शाळा तशा नव्हत्या. आम्हाला खलनायक करू नका.

माजी_विद्यार्थी: नव्हत्या? माझ्या तळहातावर पट्टी कोणी मारली मग? 'प' म्हणताना ओठासमोर धरलेला कागद हलला नाही म्हणून! आणि आता तीच मंडळी साइनची कार्यशाळा घेतात. फी लावून.

वाचा_तज्ज्ञ: मी कोणाला पट्टी मारलेली नाही. हे वैयक्तिक होतंय.

कल्याण_लोकल: माझी बायको बहिरी, मी ऐकणारा. तिच्या माहेरी जेवायला बसलो की सगळे खदखदून हसतात, ती विचारते "काय झालं?", उत्तर ठरलेलं: "नंतर सांगतो." ते नंतर कधी येत नाही. शेवटी दुभाषा मीच, माझं ताट गार. आणि डॉक्टरकडे सगळं आमच्या सात वर्षांच्या पोरीला सांगायला लावतात. आईच्या पाळीबद्दल पोरीने विचारायचं? याचं काय करायचं ते बोला.

अबोली_ठाणे: हे मात्र खरं, कबूल. पण त्यावर इलाज दुभाषी आहे, आजी नाही. आईबाप अपंग आहेत म्हणून मूल त्यांच्यापासून तोडायचं नाही, असं अपंगांच्या हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात कलम २३ मध्ये आहे. भारताने तो २००७ मध्ये मान्य केला.

जुना_मास्तर: बरं बाई, पोर तुमच्याकडेच राहू दे. उद्या म्हणाल, आजीनेच साइन शिकावी.

अबोली_ठाणे: म्हणतेच आहे. वांद्र्याच्या अली यावर जंग या बहिऱ्यांसाठीच्या संस्थेत शिकवतात. सासूबाईंना पत्ता दिलाय. गुडघे दुखतात म्हणे.